राणी काही येईना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहाला उकळी फुटेपर्यंत वेळ आहे. एकदा मी सांगायला लागले, की मधे कोणी दात काढलेले मला खपायचे नाहीत. चार वर्षं झाली त्या गोष्टीला, पण अजून आठवलं की कानशिलं तापतात!

मी काही मुळातली तापट नव्हे. विचारा कोणालाही. चुलीशी मुंगी आली तर तिला "बाजूला हो गं बाई, पोळशील" म्हणणारी मी. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी, चातुर्मासाचे नेम, सगळं यथासांग करते. आमचे हे म्हणतात, तुझ्या आठवड्यात जेवणाचे वार मोजावे लागतात. उपासानं मन शांत राहतं, असं माझी आई सांगायची.

पण त्या धोंड्याच्या महिन्यात मी नवऱ्यावर रागावले, पाटलावर रागावले, सरकारी साहेबावर रागावले, आणि एका ऋषीवर तर इतकी रागावले की विचारू नका. आणि जिच्यावर रागवायला हवं होतं, ती बया मात्र... असो. क्रमानं सांगते.

आमचे हे तेव्हा अनसिंगच्या शाळेत मास्तर. पाच वर्षांत ते आमचं तिसरं गाव. प्रत्येक गावात मी अंगणात तुळस लावायची, ती मूळ धरते न धरते तोच बदलीचा कागद यायचा. अनसिंगला मात्र माझ्या तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या. शेजारच्या गोदाबाई वाटीभर ताक न विचारता आणून देत होत्या. म्हटलं, चला, इथं रुजलो!

आणि त्या चैत्रात बातमी आली, की यांचं नाव बदलीच्या यादीत आहे. कुठं? तर थेट मेळघाटात!

यादी ठरायची होती डिपटी साहेबांकडे. डिपटी साहेब म्हणजे शाळा तपासायला येतात ते मोठे अंमलदार. आता संकट दोघांवर एकच, पण उपाय मात्र ज्याचा त्याचा निराळा.

यांचा उपाय असा, की वाशीमला मास्तरांची सभा भरणार होती, डिपटी साहेब अध्यक्ष. तिथं हे 'पूर्वीच्या काळचा राज्यकारभार' या विषयावर निबंध वाचणार. साहेब खूश होणार, नाव यादीतून उडणार. त्यासाठी यांनी वाशीमच्या एका जैन दुकानदाराच्या घरून जुनी राजनीतीची पोथी मागून आणली होती. सुट्या लांबट पानांची. वर संस्कृत, खाली जुन्या मराठीत अर्थ. राजा कसा असावा, प्रधान कसे निवडावेत, हेर कसे ठेवावेत, न्याय कसा करावा. नाव लिहिलेलं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं. वर लाल फडकं.

आणि माझा उपाय? मी संकल्प सोडला, की यांची बदली टळू दे, धोंड्याचा महिनाभर विठ्ठलाच्या देवळात रोज एक अध्याय बायकांना वाचून दाखवीन. त्यासाठी माझ्या मामांनी कारंज्याहून अधिक महिन्याची त्यांच्या घरची जुनी पोथी नव्या फडक्यात बांधून पाठवली होती. तीही सुट्या लांबट पानांची. वर लाल फडकं.

तुमच्या लक्षात आलं ना? तुम्ही हुशार. माझ्या आलं नाही.

महिना लागायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही पोथ्यांची फडकी धुतली. नव्या फडक्याचा रंग असा गेला, की आठ दिवस माझे तळहात कुंकवासारखे लाल. फडकी वाळली, मी सोवळ्यात दोन्ही पोथ्या पुन्हा बांधल्या. बांधल्या त्या माझ्या आईच्या गाठीनं. तिची एक दुहेरी गाठ होती, डावं टोक वर ठेवून मारायची. माहीत असेल तोच सोडवू शकतो. आमच्या घरात ती मला एकटीलाच येते. यांच्या हाती कधी तसं गाठोडं आलं, तर हे दात लावतात, पण गाठ काही सुटत नाही.

एक पोथी देव्हाऱ्यापाशी ठेवली, एक ट्रंकेत. बांधताना एक तरी पान वाचून पाहिलं का? नाही! नेमाची पोथी नेम सुरू व्हायच्या आधी वाचायची नाही, ही आईची शिस्त.

पहिल्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, देवळाचा मंडप भरला. तीस-बत्तीस बायका पदरानं वारा घेत बसलेल्या. सगळ्यात पुढं पाटलीणबाई, हातात वाळ्याचा पंखा. त्यांच्याशेजारी गोदाबाई. साठीची विधवा बाई, जीभ विळ्यासारखी. मी गाठ सोडली. वर 'श्रीगणेशाय नमः'. आणि पहिलंच वाक्य राजाचं!

आता मला सांगा, आपल्या कुठल्या व्रताच्या कहाणीत राजा नसतो? राजा असतो, त्याला दोन राण्या असतात, एक आवडती, एक नावडती. नावडती वसा घेते, राजा उतलेला-मातलेला असतो तो ताळ्यावर येतो. म्हटलं, बरोबर आहे. राजा आला, मागून राणी येईलच.

पहिल्या दिवशी राणी आली नाही. दुसऱ्या दिवशी राजानं सूर्य उगवायच्या आत उठून गाऱ्हाणी ऐकावी, असं निघालं.

गोदाबाई पाटलीणबाईंकडे पाहून म्हणाल्या, "आयकलं का वो? सूर्य उगाच्या आंदी! आपल्या गावचा राजा तर उन्ह माजघरात आलं का मंग कूस बदलते."

तिसऱ्या दिवशीही राणी नाही.

"मास्तरीनबाई, रानी कवा येते वो?"

"येईन ना. आता राजाचीच तयारी चालू हाय."

"लग्नाची?"

"नाई वो, किल्ल्याची."

"बरं हाय. आंदी घर बांधते, मंग बायको आनते. समजदार दिसते बाप्पा."

पाचव्या दिवशी हेर आले. घरोघरी काय चाललं आहे, ते राजाला कळावं म्हणून त्यानं वेश पालटून माणसं फिरवावीत. गोदाबाईंना राहवेना. "एवढा खटाटोप कायले? मले इचाराव ना त्यानं!"

मी वाचत राहिले. मनात जरा चुटपुट होती, पण संकल्प केलेला! घेतलेला नेम अर्ध्यात टाकायचा नाही. आणि मी आशा सोडणारी बाई नव्हे. मोठी पोथी आहे, राणीही मोठी असेल, तिला यायला वेळ लागायचाच.

सातव्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. काय लिहिलं होतं ठाऊक आहे? राजानं गुप्त मसलत बायकांच्या देखत करू नये, कारण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही!

मंडपातले सगळे पदर वारा घेता घेता थांबले.

"हे कोनं लिवलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"ऋषीनं."

"त्याच्या बायकोले मालूम हाय का?"

 मी तर देवाची पोथी म्हणून रोज तिला हळदकुंकू वाहत होते. तीस बायकांपुढं, माझ्याच तोंडून, माझीच निंदा! घरी आले ती फणफणतच. भाकरी तव्यावरून यांच्या ताटात अशी आपटली, की ताट फिरलं.

"काय झालं?"

"कसली मेली पोथी हाय! म्हने बायकाईच्या पोटात गोष्ट राह्यत नाई!"

हे हसले. खुशाल हसले! "अवं, कहानीतला राजा हाय तो. आंदी चढून बोलन, मंग रानी त्याचा नक्षा उतरवन. थांब जराशी. अन् एवढा जीव कायले जाळते? राजनीती तुले नाई समजाची."

तुले नाई समजाची! हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. तीही आईचीच गाठ.

याच माणसानं वर मला दोनदा विचारलं, "माही पोथी कुठी हाय?" आणि मी काय सांगावं? "ट्रंकेत हाय, फडक्यात बांधून. उगाच उघडू नोका, वाळवी लागते. वस्तू जागेवर ठेवाची तुमाले शिस्त कवा लागन?" यांची टिपणं आधीच काढून झाली होती, म्हणून यांनीही उघडली नाही. बघा म्हणजे!

मग बारावा दिवस आला. तो पाण्याचा.

अनसिंगला आमच्या बाजूची प्यायच्या पाण्याची विहीर गावाबाहेर. सरळ वाट पाटलाच्या शेताच्या बांधावरून. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथूनच जायच्या. त्या वर्षी पाटलानं वाटेवर बोराटीच्या काट्या आणून टाकल्या. काय तर म्हणे, बायकांच्या पायांनी बांध खचतो! मग नाल्याला वळसा घालून जायचं. डोक्यावर दोन घागरी, कडेवर एक, वैशाखाचं ऊन, आणि पायाखाली फुफाटा. माझ्या टाचांना फोड आले होते. कोणी बोललं का? कोणी नाही. मी तर नाहीच. मी त्या काट्यांनासुद्धा लांबून हात जोडायची, चुकून पाय लागायला नको म्हणून!

आणि त्या दिवशी मी वाचलं: 'ज्याच्या राज्यात पाण्याची वाट अडवली जाते आणि तो पाहत राहतो, त्या राजास प्रजेने गळक्या घागरीप्रमाणे दूर ठेवावे.'

मंडपात मग एकेक मान हळूहळू पाटलीणबाईंकडे वळली. पाटलीणबाई विठ्ठलाकडे बघत होत्या. विठ्ठल समोर बघत होता.

"मास्तरीनबाई," गोदाबाई म्हणाल्या, "तेवढं पान्याचं परत वाचा वो."

मी वाचलं.

"आनखी एक डाव."

तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चढला. खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मला असा राग आला, की नखांपासून शेंडीपर्यंत. तोंडात ऋषीचे शब्द आणि टाचांत फोड! सातव्या दिवशीचं सगळं मी त्या ऋषीला माफ करून टाकलं.

गोदाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. "मले एक सांगा. धोंड्याच्या महिन्यात तेहतीसाचं दान अस्ते ना?"

"हाव. तेहतीस अनारसे."

"अनारशाले तूप कोनाच्या घरी हाय? काट्या देल्या तर चालते का?"

"काट्या? कोनाले?"

"ज्याच्या हायेत त्याले! तेहतीस जनीनं एकेक."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. गावात व्रताचं काही अडलं, की माझाच शब्द शेवटचा. कुठल्या पोथीत काट्यांचं दान सांगितलं आहे? कुठंच नाही. एरवी मी कानांवर हात ठेवले असते. पण माझं डोकं तापलेलं!

"चालते," मी म्हणाले. "पन हळदकुंकू लावूनच द्याव लागते. अन् देल्लं दान परत घेता येत नाई."

मोजलं तर बत्तीस भरल्या. तेहतिसावी कोण? वाळ्याचा पंखा खाली ठेवून पाटलीणबाई उठल्या.

"पोथीत हाय ना? मंग पाप मले बी लागन," त्या म्हणाल्या. "चाला. मी एक घेते."

भर दुपारी तेहतीस बायका बांधावर गेल्या. एकेकीनं एकेक काटी उचलली, हळदकुंकू लावलं, आणि पाटलाच्या दारासमोर सरपण रचावं तशी नीट रचून ठेवली. शेवटची काटी खुद्द घरच्या मालकिणीनं! दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या गड्यांनी काट्या परत वाटेवर टाकल्या. दुपारी अध्याय झाला, की आमचं दान परत त्यांच्या दारात. असं रोज! आमची पुण्याई वाढत चालली होती आणि पाटलाचे गडी थकत चालले होते.

शेवटी चोविसाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पाटील शाळेवर गेला. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली, तो स्वतः उभा राहिलेला.

"मास्तर! तुमची बायको देवयात बसून पॉलिटिक करून राह्यली!"

"काई तरी काय बोल्ता पाटील? धोंड्याच्या महिन्याची पोथी वाचून राह्यली ते."

"मले शिकवता? रोज पहाटं माही बायको मले हालवून उठवते! म्हने, राजानं सूर्याच्या आंदी उठाव! सरकारी मास्तराच्या घरातून पॉलिटिक! उद्याच वाशीमले जातो, तुमच्या डिपटी साहेबाले सांगतो. मेळघाट काय, त्याच्याही पल्याड धाडतो तुमाले!"

हे घरी आले ते पांढरेफटक. "तू वाचते तरी काय?"

बस! माझ्या पदराची गाठ सुटली. "देवाच्या पोथीले पॉलिटिक म्हनते तो पाटील, अन् तुमी त्याचं आयकून मले इचारता? मी कोनासाठी घसा कोरडा करून राह्यली? तुमच्या बदलीसाठी! मले नाई ना राजनीती समजत? मंग कशी करीन मी पॉलिटिक?"

मी अबोला धरला. रात्री वाढलं ते न बोलता. सकाळी यांनी ट्रंकेतून आपलं लाल गाठोडं घेतलं, टिपणं घेतली आणि सर्व्हिस मोटारीनं वाशीमला सभेला गेले. मी 'नीट जा' एवढंही म्हटलं नाही.

सभेत काय झालं, ते मला नंतर कळलं. यांनी भाषणाला सुरुवात केली, "ही पाहा प्राचीन राजनीतीची पोथी!" आणि गाठ सोडायला घेतली. सुटेना. दात लावून पाहिले. सुटेना. सगळे मास्तर पाहताहेत, साहेब घड्याळ पाहताहेत. अखेर चपराशानं चाकू आणून फडकं कापलं. यांनी खणखणीत आवाजात पान वाचलं: 'राणीने विचारले, हे प्राणनाथ, अनारसे तेहतीसच का?'

म्हणे सगळी सभा हसत होती. साहेब सोडून. आणि नेमका तेव्हाच पाटील दारात उभा!

दुपारी मी देवळात चोविसावा अध्याय वाचत होते. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाटलाची दमणी. मोटार थांबते तिथून पाटलानं साहेबांना स्वतःच्या दमणीत घालून मानानं आणलं होतं. पुढं पाटील, मधे टोपीवाले साहेब, मागं मान खाली घालून आमचे हे. काखेत कापलेल्या लाल फडक्यातली पोथी.

"बाई," साहेब म्हणाले, "इथं काय चाललं आहे?"

एरवी साहेब म्हटलं, की मी दाराआड. पण त्या दिवशी उठलेसुद्धा नाही. "धोंड्याच्या महिन्याची पोथी चालू हाय. सरकार देवाधर्मात हात घालते का?"

"मला ती पोथी पाहू द्या."

"सोवळ्यात हाय. हात लावाचा नाई."

"बरं. मग वाचून दाखवा. जिथं होता तिथूनच."

मी पान डोळ्यांसमोर धरलं आणि रागारागात, पार गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं: 'जो अंमलदार वादी किंवा प्रतिवादी यांच्या गाडीत बसून न्याय करावयास जातो, त्याचा न्याय त्या गाडीचे बैलच करीत असतात.'

बाहेर दमणीच्या बैलानं मान हलवली. घुंगरं वाजली.

साहेबांनी टोपी काढली. घाम पुसला. पाटील एकदा बैलांकडे बघतो, एकदा साहेबांकडे. मागून गोदाबाई हळूच म्हणाल्या, "आनखी एक डाव वाचा वो."

"नको, नको," साहेब घाईनं म्हणाले. "बाई, ही धोंड्याच्या महिन्याची पोथी नाही. ही राजनीतीची पोथी आहे."

काय सांगू, माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला! "साहेब, तुमी शाळा तपासा, पोथ्या नोका तपासू! आमाले काय समजत नाई का? राजा हाय ह्याच्यात!"

"राजा आहेच. राणी आहे का?"

"येनार हाय!" मी ओरडले.

"येनार हाय!" मागून बत्तीसजणी ओरडल्या.

"किती अध्याय झाले?"

"चोवीस."

"चोवीस," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि राणी अजून यायची आहे."

मी पोथीकडे पाहिलं. चोवीस अध्यायांत किल्ले आले, हेर आले, घोडे, हत्ती, मिठाचे आगर, सगळं आलं. राणी... तेवढ्यात आमचे हे पुढं झाले आणि काखेतली पोथी वर धरून बारीक आवाजात म्हणाले, "रानी इथं हाय. दुसऱ्याच पानावर."

आता? आता काय! मी उठले ती थेट यांच्यावर. चोवीस दिवसांचा, नव्हे पाच वर्षांचा राग बाहेर पडला. "तुमी! तुमीच बदलली माही पोथी! माहा नेम मोडला! तीन गावं झाली, घरातली एक वस्तू कवा जागेवर ठेवली नाई, अन् वर मलेच म्हनता राजनीती समजत नाई! देवाच्या जागी तुमची राजनीती ठेवून खुशाल हासत होते, कायले तर बायको बावळट म्हनून!"

"आवं, मी हातबी नाई लावला..."

"मंग पोथीले पाय फुटले का?"

बायकाही तापल्या. "मास्तर, हे काई बराबर नाई!" "देवाच्या पोथीशी खेळता!" यांनी केविलवाणेपणानं ते कापलेलं फडकं पुढं केलं. "ते गाठ तर पाह्य. मले सुटली असती, तर मी चपराशाचा चाकू कायले घेतला असता?"

फडकं कापलं होतं, पण गाठ जशीच्या तशी होती. गोदाबाईंनी ती हातात घेतली, उन्हाकडे धरली. मग माझ्या पोथीचं फडकं शेजारी धरलं. उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

"मास्तरीनबाई, महिनाभर रोज तुमी माह्या डोयापुढं गाठ मारून राह्यल्या. डावं टोक वरतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की धरणी दुभंगावी. "हे गाठ तर तुमचीच हाय वो."

ट्रंकेत ठेवली मीच. देव्हाऱ्यापाशी ठेवली मीच. सोवळ्यात, लाल हातांनी! आणि गंमत म्हणजे नवव्या अध्यायात होतं, की शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशानं आपले हात पाहावेत. तेही मी बायकांच्या आग्रहावरून दोनदा वाचलं होतं.

 मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून खाली बसले. संपलं सगळं, म्हटलं. नेम गेला, अब्रू गेली, आता मेळघाट. तुळशीचं काय करायचं, हाही विचार मनात येऊन गेला.

पाटलाला जोर चढला. "पाह्यलं ना साहेब? पॉलिटिक! करा बदली मेळघाटात!"

साहेबांनी बांधाच्या दिशेनं पाहिलं. वाटेवर पडलेल्या तेहतीस काट्यांवरचं हळदकुंकू त्यांनी येताना पाहिलं होतं, आणि दानाचं गाऱ्हाणं पाटलानं दमणीत सांगितलंच होतं. मग बायकांवरून नजर फिरवली. "मास्तरांची बदली केली, तर या बाईही तिकडे जाणार ना?"

"जातीनच ना," पाटील म्हणाला.

"पोथी घेऊन?" साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "नको. आहेत तिथंच असू द्या. एका गावावर भागलं आहे, ते काय कमी आहे? आणि पाटील, ती वाट मोकळी ठेवा. तुमच्या घरचंच दान आहे, परत घेता येत नाही म्हणतात."

मोटारीच्या थांब्यापर्यंत साहेब पायी गेले. दमणी रिकामीच मागून गेली.

वाट मोकळी झाली ती आजतागायत. आणि तुम्हाला सांगते, पाटील गावभर काय सांगत फिरला? की बायाबापड्यांचे हाल पाहवेनात, म्हणून मीच काट्या काढवल्या! संताप होतो हो! बघा, सांगता सांगता चहात साखर दोनदा टाकली.

बदली टळली. कुठल्या पोथीनं टळली, हे मी विठ्ठलाला अजून विचारलेलं नाही. पण नेम तो नेम. दुसऱ्या दिवशीच मी खरी पोथी घेऊन पुन्हा पहिल्या अध्यायापासून बसले. महिन्याचे दिवस थोडे उरलेले, म्हणून रोज पाच अध्याय. बायका आल्या किती? तीन!

मी गोदाबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, "रानीचं आमाले तोंडपाठ हाय. उपास करते, नवरा सुधरते. ते राजाचं पुढं काय झालं, ते सांगा ना! सा अध्याय राह्यले ना?"

मी त्यांना चांगलं सुनावलं. पाप लागेल म्हटलं, देवाचं सोडून कसला मेला राजा! आणि तणतणत देवळात येऊन राणीची कथा वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर... तुमच्यापासून काय लपवायचं? तिसऱ्या पानावर मलाच जांभई आली. देवासमोर! पदराआड दिली, पण दिली.

राजनीतीची पोथी वाशीमला परत करायची होती. यांनी आठ दिवस सगळं घर शोधलं, ट्रंक उपसली, मला चारदा विचारलं. "वस्तू जागेवर ठेवाची शिस्त नाई तुमाले," मी म्हणाले.

ती अनारशांच्या डब्याखाली होती. आणि आईची गाठ मारली नव्हती, साधीच मारली होती. रोज दुपारी सोडायला बरी.